डीव्हीडी लागते, ब्लू-रे अडते: एचडी डिस्कमध्ये नेमकं वेगळं काय असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ब्लू-रे प्लेअर काही वर्षं वापरातला आहे. सीडी आणि डीव्हीडी त्यावर बिनतक्रार चालतात. ब्लू-रेपैकी काही डिस्क चालतात, काही ‘डिस्क वाचता येत नाही’ असा संदेश देऊन बाहेर येतात, आणि एक डिस्क दर वेळी सिनेमाच्या साधारण मध्यावर गोठते. ओळखीच्या कुणी तरी सांगितलं, की डीव्हीडी चालते म्हणजे लेझर ठणठणीत आहे, फक्त सॉफ्टवेअर अपडेट करा. त्यावर तुम्ही विचारलंत, की दिसायला सारख्या असणाऱ्या या डिस्कमध्ये एवढा फरक कसला, आणि दोष डिस्कचा की प्लेअरचा?

मी बरीच वर्षं प्लेअर आणि ऑप्टिकल ड्राइव्ह दुरुस्त करतो आहे. तुमचं यंत्र समोर नसताना दोष अमुकच आहे असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. डिस्क कुठल्या प्रकारच्या आहेत, प्लेअर किती वापरला गेलाय, कुठे ठेवलेला असतो, यावर बरंच अवलंबून आहे. पण ‘डीव्हीडी चालते म्हणजे लेझर ठीक’ हे मात्र चूक आहे, आणि ते यंत्र न बघताही सांगता येतं. ब्लू-रे प्लेअरमध्ये तीन वेगवेगळे लेझर किरण असतात: सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा जांभळट निळा. निळा डायोड (लेझर किरण देणारा सुटा भाग) बहुधा वेगळा बसवलेला असतो आणि तो स्वतंत्रपणे म्हातारा होतो. डीव्हीडी चालली, तर त्यातून लाल लेझर ठीक आहे एवढंच कळतं.

आता डिस्ककडे येऊ. आधी एक समजूत बाजूला ठेवू या: चित्र एचडी आहे की नाही हे डिस्कच्या प्लास्टिकवर ठरत नाही. डिस्कला फक्त शून्य आणि एक ठाऊक असतात. साध्या डीव्हीडीवर एव्हीसीएचडी पद्धतीने एचडी चित्रण लिहिता येतं आणि अनेक ब्लू-रे प्लेअर ते दाखवतातही. अडचण जागेची आणि वेगाची असते. डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. एचडीचं १९२० बाय १०८०, म्हणजे २०,७३,६००. बरोबर पाच पट. हे चित्र सेकंदाला २४ चौकटींनी, काहीही न दाबता (कॉम्प्रेस न करता) साठवायचं म्हटलं, तर दोन तासांच्या सिनेमाला ५०० जीबीहून जास्त जागा लागेल. म्हणून एच.२६४ सारख्या पद्धतीने ते दाबतात. तरीही दर्जा राखायचा तर सेकंदाला २० ते ३० मेगाबिट द्यावेच लागतात, आणि डीव्हीडी-व्हिडिओची कमाल मर्यादा होती जेमतेम १० मेगाबिटची. ब्लू-रेने नुसत्या चित्राला ४० मेगाबिटपर्यंत वाट मोकळी केली. त्यासाठी तेवढ्याच १२ सेंटिमीटरच्या चकतीवर पाच पट माहिती कोंबणं भाग होतं. हे कोंबणं कसं साधलं आणि त्याच्या बदल्यात काय गमावलं, यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

डिस्कवरची माहिती म्हणजे आतून बाहेर जाणाऱ्या सर्पिल रेषेवरचे सूक्ष्म खळगे. खळग्याची खोली लेझरच्या तरंगलांबीच्या हिशेबाने ठरवलेली असते. खळग्यातून परतणारा प्रकाश आणि त्याच्या शेजारच्या सपाट भागावरून परतणारा प्रकाश एकमेकांना मारतात, आणि परतलेला उजेड मंदावतो. उजेड कमी-जास्त कुठे होतो ते एक संवेदक टिपत राहतो. डीव्हीडीत दोन शेजारच्या रेषांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, १००० नॅनोमीटर) आणि सगळ्यात छोटा खळगा ०.४ मायक्रॉन. ब्लू-रेत हेच आकडे ०.३२ आणि ०.१४९. ब्लू-रेच्या एका थरावरची सर्पिल रेषा सरळ केली तर ती सुमारे २७ किलोमीटर भरते.

इतके बारीक खळगे वाचायचे तर प्रकाशाचा ठिपकाही तेवढाच बारीक हवा. ठिपक्याचा आकार दोनच गोष्टींवर ठरतो: प्रकाशाची तरंगलांबी, आणि लेन्स किती तिरक्या कोनांतून प्रकाश एका जागी आणते त्याचं माप, म्हणजे न्यूमेरिकल अपर्चर. तरंगलांबीला या मापाने भागलं की ठिपक्याचा अंदाज येतो. डीव्हीडीसाठी ६५० भागिले ०.६, म्हणजे सुमारे १०८३ नॅनोमीटर. ब्लू-रेसाठी ४०५ भागिले ०.८५, म्हणजे सुमारे ४७६. ठिपक्याचं क्षेत्रफळ या गुणोत्तराच्या वर्गाने घटतं, म्हणजे जवळजवळ ५.२ पट. डीव्हीडीच्या एका थराचे ४.७ जीबी गुणिले ५.२ केले की उत्तर येतं साडेचोवीसच्या आसपास. ब्लू-रेचा एक थर २५ जीबीचा आहे. मला हा हिशेब फार आवडतो, कारण जाहिरातीतला एकही शब्द न वापरता तो क्षमता कुठून आली ते दाखवतो.

निळा लेझर आधीच का वापरला नाही? कारण टिकाऊ निळा डायोड बनवणं अतिशय अवघड होतं. गॅलियम नायट्राइडवर जपानमध्ये झालेल्या चिकाटीच्या कामातून तो शक्य झाला. त्याच कामातून आलेल्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि ४०५च्या आणखी खाली का नाही गेले? ४०० नॅनोमीटरखाली डिस्कचं पॉलिकार्बोनेट प्लास्टिक स्वतःच प्रकाश शोषू लागतं.

आता गमावलेल्या गोष्टींचा हिशेब. लेन्सचं माप ०.६ वरून ०.८५ वर नेलं की लेन्स फार हळवी होते. डिस्क किंचित जरी कलली तरी ठिपका धूमकेतूसारखा एका बाजूला फाटतो. हा बिघाड लेन्सच्या मापाच्या घनाने वाढतो, ज्या प्लास्टिकमधून प्रकाश जातो त्याच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो आणि तरंगलांबी लहान झाली की आणखी वाढतो. डीव्हीडीत माहितीचा थर पृष्ठभागाच्या ०.६ मिलिमीटर आत असतो. तीच जाडी ठेवून ब्लू-रेची लेन्स लावली असती, तर कललेल्या डिस्कचा त्रास डीव्हीडीच्या साडेचार पट झाला असता. बाजारातली कुठलीच डिस्क इतकी सपाट नसते. म्हणून ब्लू-रेच्या अभियंत्यांनी जाडीच कमी केली. माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर आणला आणि उरलेलं १.१ मिलिमीटर प्लास्टिक मागे आधाराला ठेवलं. एवढं केल्यावर डिस्क कलण्याचा त्रास डीव्हीडीहूनही थोडा कमी झाला.

दुसरा रस्ताही होता, आणि तो घेतलेला एक फॉरमॅटही होता: एचडी डीव्हीडी. तोशिबा आणि एनईसी त्यामागे होत्या. लेझर तोच ४०५चा, पण लेन्स ०.६५ची आणि जाडी डीव्हीडीसारखीच ०.६ मिलिमीटर. वरचाच हिशेब इथे लावला तर एका थराला १४ जीबीच्या आसपास येतात. प्रत्यक्षात १५ जीबी होते. फायदा असा, की डीव्हीडी बनवणारे कारखाने थोड्या बदलांत चालून गेले असते. डिस्क कलण्याचा त्रास डीव्हीडीच्या दुप्पट होता, पण आटोक्यात ठेवण्याजोगा. २००६ मध्ये दोन्ही फॉरमॅटमधले सिनेमे बाजारात आले. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने फक्त ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारी २००८ला तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या मते तंत्र म्हणून एचडी डीव्हीडी मुळीच वाईट नव्हती. क्षमतेत ती मागे पडली आणि स्टुडिओंनी पाठ फिरवली.

तर ०.१ मिलिमीटर. दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्याला सगळ्यात जास्त काम देतो तो हा आकडा. सीडी-डीव्हीडीत पृष्ठभागावरचा कचरा माहितीपासून दूर असतो. किरण पृष्ठभागातून आत शिरतो तेव्हा डीव्हीडीत त्याचा घेर साधारण अर्धा मिलिमीटर असतो आणि आत जाऊन तो एका बिंदूत येतो. चष्म्याच्या काचेवरचा बारीक कण आपल्याला दिसत नाही, पण वाचत असलेल्या पानावर पडलेला कण लगेच दिसतो, तसंच हे आहे. ब्लू-रेत पृष्ठभागावर किरणाचा घेर ०.१३ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे कचरा जवळजवळ पानावरच आला. बोटाचा ठसा, तेलकट डाग, केसाएवढा ओरखडा, जे डीव्हीडीला कळलंही नसतं ते इथे अख्खा किरण अडवू शकतं. सुरुवातीच्या ब्लू-रे डिस्क तर प्लास्टिकच्या पेटीत बंद असायच्या. मग पृष्ठभागावर अतिशय कठीण, बोटाचा ठसा न धरणारा पातळ लेप देणं जमलं आणि पेटी गेली.

म्हणूनच इथे हात जोडून सांगतो: टूथपेस्ट किंवा पॉलिश लावून ओरखडा घासून काढायची सीडीच्या काळातली युक्ती ब्लू-रेवर करू नका. घासलंत की आधी तो कठीण लेप जातो. त्याखालच्या ०.१ मिलिमीटर थराची जाडी काही मायक्रॉननी जरी कमी-जास्त झाली तरी ठिपका विस्कटतो, कारण जाडीच्या चुकीबद्दल ही लेन्स डीव्हीडीच्या लेन्सपेक्षा साडेसहा पट हळवी आहे. अशा चमकवलेल्या डिस्क माझ्याकडे येतात. डोळ्यांना आरशासारख्या लख्ख, आणि प्लेअरला पूर्णपणे आंधळ्या.

जाडीचा हाच प्रश्न मध्यावर गोठणाऱ्या तुमच्या डिस्कशी थेट जोडलेला आहे. ५० जीबीच्या डिस्कमध्ये दोन थर असतात: एक पृष्ठभागापासून ०.१ मिलिमीटरवर, दुसरा त्याच्या अलीकडे ०.०७५ मिलिमीटरवर. आधी खालचा थर आतून बाहेर वाचला जातो, आणि डिस्कच्या कडेपाशी पोहोचल्यावर प्लेअर वरच्या थरावर उडी मारून बाहेरून आत वाचू लागतो. मोठ्या सिनेमात ही उडी बहुधा मध्याच्या जवळपास येते. या उडीत नुसता फोकस बदलून भागत नाही. प्रकाश आता २५ मायक्रॉन कमी प्लास्टिकमधून जाणार असल्याने लेन्सच्या मागची एक छोटी दुरुस्ती-लेन्स सरकवून ठिपका पुन्हा नेमका करावा लागतो. शिवाय दोन थरांच्या डिस्कवरून प्रकाशही कमी परततो: एका थराच्या छापील डिस्कवरून ३५ ते ७० टक्के, दोन थरांच्या डिस्कवरून १२ ते २८ टक्के. निळा लेझर थकलेला असेल, लेन्सवर धूळ बसलेली असेल किंवा दुरुस्ती-लेन्सची यंत्रणा अडखळत असेल, तर आधी याच डिस्क नडतात. एका थराच्या डिस्क मात्र त्याच प्लेअरवर आणखी काही महिने चालू शकतात.

यावर कुणी म्हणेल, की चुका दुरुस्त करणारी यंत्रणा असते ना! असते, आणि ती अभ्यासावी इतकी सुंदर आहे. ब्लू-रेवर माहिती ६४ किलोबाइटच्या गठ्ठ्यांत लिहितात. गठ्ठ्यातल्या दर २१६ बाइटना ३२ जादा बाइट जोडलेले असतात. चुका कुठे आहेत ते ठाऊक नसेल तर त्यांच्या आधारे १६ बाइट दुरुस्त होतात. जागा ठाऊक असेल तर ३२, म्हणजे दुप्पट. मग ती जागा कळावी कशी? त्यासाठी माहितीच्या दर ३८ बाइटनंतर एक पहारेकरी बाइट ठेवलाय. पहारेकऱ्यांचा स्वतःचा दुरुस्ती-संकेत फार मजबूत असतो, ३० बाइटना ३२ जादा. त्यामुळे कुठला पहारेकरी जखमी झाला ते नक्की कळतं. लागोपाठचे दोन जखमी सापडले, की मधले ३८ बाइटही ओरखड्याखाली आले असणार असं मानून प्लेअर त्या सगळ्या जागा संशयित धरतो. लांब ओरखड्यापुढेही डिस्क टिकते ती यामुळे.

त्यात आणखी एक गोष्ट. ठिपका सुमारे अर्ध्या मायक्रॉनचा आणि सगळ्यात छोटा खळगा ०.१५ मायक्रॉनचा, म्हणजे छोटे खळगे प्लेअरला सुटे दिसतच नाहीत. एका वेळी दोन-तीन ठिपक्यात येतात. तो मिळालेल्या लहरीचा आकार बघतो आणि कुठल्या खळग्यांच्या ओळीमुळे अशी लहर येण्याची शक्यता सर्वाधिक आहे ते ठरवतो. ठिपका नेमका असेपर्यंत हे बिनचूक चालतं. ठिपका जरासा पसरला, की चुका एकदम वाढतात आणि सगळीकडे सारख्या पसरतात. ओरखड्याची चूक एका जागी असते, ती पहारेकरी पकडतात. विखुरलेल्या चुकांपुढे मात्र दुरुस्तीची ताकद निम्मीच उरते. थकलेला लेझर ओरखड्यापेक्षा जास्त त्रास देतो तो याच कारणाने.

आता सॉफ्टवेअर अपडेटच्या सल्ल्याबद्दल. तो अगदीच निराधार नाही. ब्लू-रेवरचा सिनेमा एएसीएस पद्धतीने कुलूपबंद असतो आणि मेन्यू म्हणजे प्लेअरवर चालणारा छोटा प्रोग्रॅमच असतो. नव्या डिस्कचं कुलूप किंवा मेन्यू जुन्या सॉफ्टवेअरला झेपत नाही असं होतं. पण तेव्हा लक्षण वेगळं दिसतं: डिस्क ओळखली जाते, पडद्यावर काहीतरी येतं आणि मग लोडिंगची खूण फिरतच राहते. प्लेअर डिस्क काही सेकंद फिरवून, लेन्स वरखाली करून, एकही चित्र न दाखवता बाहेर टाकत असेल, तर तो कुलपापर्यंत पोहोचलेलाच नसतो. डब्यावर अल्ट्रा एचडी लिहिलेलं असेल तर प्रश्नच वेगळा. त्या ५०, ६६ किंवा १०० जीबीच्या, तीन थरांपर्यंतच्या डिस्क साध्या ब्लू-रे प्लेअरसाठी नाहीतच, अपडेट केल्यानेही चालणार नाहीत. हे आधी तपासा. निम्म्या तक्रारी इथेच मिटू शकतात.

मी तुमच्या जागी असतो तर या क्रमाने गेलो असतो. नडणाऱ्या डिस्क मऊ मायक्रोफायबर कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसायच्या, गोल फिरवून नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो रेषेच्या दिशेने लांबच लांब पडतो आणि सलग शेकडो बाइट खातो. आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत थोडेसेच खातो. मग त्याच डिस्क दुसऱ्या कुणाच्या प्लेअरवर लावायच्या. तिथेही त्याच जागी अडल्या तर दोष डिस्कचा, विषय संपला. तिथे नीट चालल्या तर घरी परत येऊन बघायचं, की नडणाऱ्या सगळ्या ५० जीबीच्या आहेत का आणि चालणाऱ्या २५च्या. अशी विभागणी दिसली तर माझा संशय सरळ निळ्या लेझरवर किंवा त्याच्या लेन्सवर जातो. मध्यावर गोठणारी डिस्क अनेकदा पुसूनही त्याच वेळेला गोठत असेल आणि दुसरीकडे सुरळीत चालत असेल, तर थर बदलणं हेच तिचं दुखणं.

लेन्स पुसणं घरी जमू शकतं, पण वॉरंटी संपलेली असेल तरच झाकण उघडा, आणि वीजपुरवठा तोडूनच. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी नावापुरतं लावायचं, लेन्सवर हलकेच टेकवून फिरवायची, दाबायचं नाही. लेन्स केसाएवढ्या तारांवर तरंगत असते. काही प्लेअरमध्ये ब्लू-रेची लेन्स वेगळी असते. दोन लेन्स दिसल्या तर दोन्ही पुसा. आणि झाकण उघडं ठेवून यंत्र कधीही चालू करू नका. ४०५ नॅनोमीटरला आपला डोळा फार कमी दाद देतो, त्यामुळे तो प्रकाश मंद वाटतो, पण डोळ्याच्या पडद्यावर पडणारी ताकद मंद नसते.

लेन्स पुसून काही दिवस बरं चाललं आणि पुन्हा तीच रड सुरू झाली, तर डायोड थकलाय असं समजा. मग लेझर आणि लेन्ससकट पूर्ण पिकअप बदलावा लागतो. सुटा निळा डायोड बदलायच्या फंदात मी पडत नाही, कारण त्याची किरणरेषा जुळवायला कारखान्यातली साधनं लागतात. त्या मॉडेलचा नवा पिकअप मिळत असेल तर बदला. जुन्या प्लेअरमधून काढलेला वापरलेला पिकअप कुणी देऊ केला तर घेऊ नका. त्याचा निळा डायोडही बहुधा तेवढाच थकलेला निघतो. तपासून झालं की कुठल्या डिस्क किती जीबीच्या आहेत आणि दुसऱ्या प्लेअरवर काय झालं तेवढं इथे लिहा, मग पुढचं बघता येईल.